व्यक्तीचे पावित्र्य, कॅथलिक आचारातील
कॅथलिक आचारातील व्यक्तीचे पावित्र्य : भेटणारी प्रत्येक व्यक्ती ही ईश्वराची प्रतिमा होय, असे मानून तिच्याशी दैनंदिन व्यवहारात पूज्यभावाने वागण्याची शिकवण. जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकानुसार ईश्वराने मानवास आपल्या प्रतिरूपात निर्मिले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात तर भुकेले, परके, आजारी व बंदिवान यांची सेवा ही आपलीच सेवा, असे ख्रिस्त सांगतो. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमांतही अतिथीस ख्रिस्त मानून त्याचे स्वागत करण्याचा आदेश आहे. आराधना मात्र एकट्या ईश्वराचीच. माणसाचे पावित्र्य त्याला ईश्वरापासून लाभलेले असते व अपराधानेही ते नष्ट होत नाही. पैठणच्या एकनाथांची भूतदया येथे मराठी वाचकास आठवेल. तथापि स्रष्टा व सृष्टी यांतील भेद कॅथलिक विचार पुसून टाकीत नाही.

ही शिकवण उपदेशापेक्षा उपासनाविधीतून अधिक अंगवळणी पडते. समारंभपूर्वक होणाऱ्या मिस्सेत वेदीप्रमाणेच जमलेल्या लोकांनाही धूप दाखवितात; अंत्यविधीत तो मान शवालाही मिळतो. ईस्टरपूर्व गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतो. त्यांत स्त्रियांचा समावेश करण्यास २०१६ मध्ये अधिकृत अनुमती मिळाली. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी उपासक शेजाऱ्यास शांती चिंतितात. रोमने १९६९ मध्ये भारतासाठी मान्य केलेल्या बारा सूचनांनुसार ही शांती हात जोडून देता येऊ लागली. हस्तांदोलनाहून ही कृती मूळ आशयाच्या अधिक जवळची आहे.

मराठवाड्यात तिला आणखी एक अर्थ आहे. चाकूर, उदगीर आदी तालुक्यांसह लातूर जिल्हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. या भागातील ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेल्यांचा भरणा मोठा आहे. जुन्या गावगाड्यात इतर लोक परस्परांना रामराम करीत; महाराला मात्र दुरून ‘जोहार’ घालावा लागे. ज्यांच्या पूर्वजांना बरोबरीचा नमस्कार मिळाला नाही, त्यांना येथे तो धर्मविधीचा भाग म्हणून मिळतो.

शिकवणीची खरी कसोटी जातीपाशीच लागते. दक्षिण भारतातील अनेक चर्चमध्ये दलित ख्रिस्ती लोकांच्या बैठका व दफनभूमीही वेगळ्या ठेवल्या जात. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात चर्चमधील जातिभेदाची कबुली असून त्यास गंभीर सामाजिक पाप म्हटले आहे.