पाचशे बारा बाइट्स कमी

एआयएक्सवर पोस्टग्रेस बसवून द्या, अशी मागणी येते तेव्हा तिच्यामागे बहुधा ओरॅकलच्या लायसन्सचं बिल असतं. ओरॅकलचा हिशेब कोअरवर चालतो. त्यांच्या तक्त्यात इंटेलच्या कोअरला 0.5चा गुणक आहे, आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरला पूर्ण 1. बँका आणि विमा कंपन्यांकडे पॉवरची यंत्रं आधीच उभी असतात, त्यांच्यावर आयबीएमचं युनिक्स म्हणजे एआयएक्स वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असतं. मग मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, "पोस्टग्रेस फुकट आहे ना? तेच टाका की." डेटाबेस फुकट आहे हे खरं. बसवणाऱ्याचा वेळ मात्र कुणी हिशेबात धरत नाही.

मी 16वी आवृत्ती घेतो. सप्टेंबर 2024मध्ये आलेल्या 17मधून एआयएक्सचा आधार काढून टाकला आहे. 16ला दुरुस्त्या नोव्हेंबर 2028पर्यंतच मिळणार, ही तारीख ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये लेखी कळवून टाकावी. नंतर सांगितलं की ती आपली चूक ठरते.

एआयएक्सचं एक मानावं लागेल. जागा कमी पडली, तर चालू फाइलसिस्टिम एका 'सीएचएफएस' कमांडने वाढते, काही बंद करावं लागत नाही. जागा कमी पडतेच, कारण 'ऑप्ट' आणि 'टेंप' मुळात हात राखूनच दिलेले असतात. कंपायलर आणि लायब्रऱ्या आयबीएमच्या टूलबॉक्समधून आरपीएमच्या रूपात मिळतात. पण बँकेच्या सर्व्हरला इंटरनेट नसतं. म्हणून जीसीसी हवा तर त्याच्यासोबत जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी असा सगळा गोतावळा दुसरीकडे उतरवून, सुरक्षा विभागाच्या परवानगीने आत न्यावा लागतो. एक राहिलं की पुन्हा अर्ज.

बिल्ड सुरू केल्यावर पहिला टोला 'मेक'कडून बसतो. एआयएक्सचा स्वतःचा मेक पोस्टग्रेसला चालत नाही, त्याला ग्नूचा मेक लागतो. कॉन्फिगर स्क्रिप्टही कॉर्न शेलमध्ये रेंगाळते. तिला बॅश दाखवून दिला की चालीत फरक जाणवतो. पण खरी गंमत 64 बिटच्या बाबतीत आहे. यंत्र 64 बिटचं, कर्नल 64 बिटचा, आणि तरी 'एआर' आणि 'एलडी' ही हत्यारं सांगितल्याशिवाय 32 बिटच धरून चालतात. जीसीसीला 64 बिटचा स्विच दिला आणि ऑब्जेक्ट मोडचं व्हेरिएबल द्यायचं राहिलं, तर कंपायलर 64 बिटच्या फाइली करतो आणि 'एआर' त्यांना हातही लावत नाही. सध्याच्या मोडमध्ये ही फाइल वैध नाही, असं म्हणून 0707-126 हा क्रमांक तोंडावर फेकतो. एआयएक्सच्या या क्रमांकांना नवीन मुलं वैतागतात. मला ते आवडतात. मजकूर कितीही कोड्यात असला तरी क्रमांकावरून नेमकं शोधता येतं.

लायब्रऱ्यांचंही तसंच. लिनक्सवर 'एसओ' ही सुटी फाइल असते. इथे ती बहुतेक वेळा 'ए' शेपटीच्या आर्काइव्हच्या पोटात असते, आणि एकाच आर्काइव्हमध्ये 32 आणि 64 असे दोन्ही अवतार नांदतात. त्यामुळे "रीडलाइन तर आहे की!" असं म्हणताना ती फाइल आहे एवढं पाहून भागत नाही, पोटात काय आहे ते उघडून पाहावं लागतं.

एवढं झालं की रूट सोडून पोस्टग्रेस नावाच्या युजरने दोनशेहून अधिक चाचण्या चालवायच्या आणि 'इनिटडीबी' करायचं. रूटकडून ते चालतच नाही, तसं स्पष्ट सांगून नकार देतं. प्रॉम्प्ट आला, टेबल झालं, सगळे खूश. बहुतेकांच्या लेखी इथे इन्स्टॉलेशन संपलं.

एका विमा कंपनीत दुसऱ्या कुणी बसवलेला असाच सर्व्हर काही महिने नीट चालला आणि एका रात्री पॉलिसींच्या टेबलात नवी ओळ घ्यायला नकार देऊ लागला. फाइल वाढवता येत नाही, असं लॉगमध्ये होतं आणि खाली सूचना होती: डिस्कवरची मोकळी जागा तपासा. डीबीए वैतागलेला. "अहो, डिस्क अर्धी रिकामी आहे!" खरंच होती. अडलं होतं ते दुसरीकडेच. एआयएक्सच्या लिमिट्स फाइलमध्ये प्रत्येक युजरला फाइलच्या आकाराची मर्यादा असते. मूळ आकडा 2097151, एकक 512 बाइट्सचा ब्लॉक. पोस्टग्रेस मोठ्या टेबलाचे 1 जीबीचे तुकडे करतं, आणि 1 जीबी म्हणजे असे 2097152 ब्लॉक. एक ब्लॉक जास्त. तुकड्यातलं शेवटचं 8 केबीचं पान त्या 512 बाइट्सपायी मावत नाही, आणि तुकडा पुरा भरल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. लहान टेबलांवर घेतलेल्या चाचण्यांत हे कधीच दिसणार नाही. त्याच युजरने घेतलेल्या बॅकअपची मोठी फाइलही याच आकड्यावर अडते.

उपाय एका ओळीचा: 'सीएचयूजर'ने एफसाइझ उणे एक करायचा, म्हणजे मर्यादा उठते. त्याच ओळीत डेटाचीही मर्यादा काढावी, ती मुळात 128 एमबीच असते. मात्र आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला याचा पत्ता लागत नाही. नव्याने लॉगिन करून सर्व्हर बंद करून परत चालू करावा लागतो.

म्हणून हल्ली मी सोपवण्याआधी एक टेबल मुद्दाम फुगवतो, 1 जीबीच्या पुढे जाईल इतक्या बिनकामाच्या ओळी ओततो आणि डेटा डिरेक्टरीत पाहतो. टेबलाच्या फाइलच्याच क्रमांकाची, शेवटी '.1' असलेली दुसरी फाइल तयार झालेली दिसली की टेबल उडवायचं आणि मगच डीबीएला फोन लावायचा.