समजून घ्या : भाव, दर, किंमत की मूल्य? देवरीच्या धानाच्या आकड्यांमागचा अर्थ

देवरी : 'यंदा धानाला २३६९ रुपये भाव', 'हेक्टरी २० हजार बोनस', 'छत्तीसगडमध्ये ३१०० रुपये'. धानाचा हंगाम आला की गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर असे आकडे फिरू लागतात. आकडे खरे असले तरी त्यांचा अर्थ एकच नाही. कुठला आकडा क्विंटलचा असतो, कुठला हेक्टरचा, तर कुठला दुसऱ्या राज्याचा. देवरीच्या शेतकऱ्याच्या खात्यात नेमके किती येणार, हे कळायला आधी शब्द नीट समजून घ्यावे लागतात.

शब्द चार, अर्थ वेगवेगळे

दर : ठरावीक मापाचे पैसे. माप सांगितले नाही तर दराला अर्थ नाही. सरकारी दर क्विंटलचा असतो, गावातला व्यवहार मात्र अनेकदा ४० किलोच्या कट्ट्यावर होतो. क्विंटलला २३६९ म्हणजे कट्ट्याला ९४७ रुपये ६० पैसे. दोन दरांची तुलना करण्याआधी माप एकच आहे ना, हे पाहावे.

भाव : बाजारात त्या दिवशी चालू असलेला दर. तो आवक, मागणी आणि मालाच्या प्रतीप्रमाणे बदलतो.

किंमत : वस्तूसाठी मागितलेली, ठरवलेली किंवा मोजलेली रक्कम. सांगितलेली किंमत आणि हाती पडलेली किंमत यांत फरक असू शकतो.

मूल्य : वस्तूची योग्यता किंवा तिचे ठरवलेले मोल. विक्री झाली नाही तरी मूल्य असते. जमिनीचे रेडी रेकनरमधले मूल्य हे त्याचे उदाहरण. प्रत्यक्ष व्यवहार कमी रकमेचा झाला, तरी मुद्रांक शुल्क या दोन रकमांपैकी जास्त असेल तिच्यावर लागते. 'मोल' हा शब्दही 'मूल्य'वरूनच आला आणि 'मोलमजुरी'त तो कष्टाला चिकटला.

२३६९ रुपये आले कुठून?

ही २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सर्वसाधारण धानाची किमान आधारभूत किंमत आहे. 'अ' दर्जाच्या धानासाठी ती २३८९ रुपये आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती मंजुरी देते. ही मंजुरी २८ मे २०२५ रोजी मिळाली.

सरकारने धानाचा उत्पादन खर्च क्विंटलला १५७९ रुपये धरला असून आधारभूत किंमत त्याच्या दीडपट आहे. या खर्चात बियाणे, खत, मजुरी असा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरलेले असते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज मात्र त्यात नसते. तेही धरले तर खर्च वाढतो आणि 'दीडपट'चे गणित बदलते. शेतकरी संघटना आणि सरकार यांच्यातल्या वादाचे मूळ इथेच आहे.

'हमीभाव' म्हणजे कोणाची हमी?

आधारभूत किमतीला बोलीभाषेत हमीभाव म्हणतात. पण ही हमी सरकारी खरेदीपुरतीच आहे. देवरीसारख्या आदिवासीबहुल भागात ही खरेदी आदिवासी विकास महामंडळ करते, तर जिल्ह्याच्या इतर भागात पणन महासंघ. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी लागते आणि धान ठरलेल्या प्रतीचे असावे लागते. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे.

खासगी व्यापाऱ्याने याच किमतीने धान घ्यावे, असे बंधन घालणारा केंद्रीय कायदा नाही. समजा, पैशांची नड म्हणून एखाद्याने ३० क्विंटल धान केंद्राची वाट न पाहता २००० रुपयांनी विकले. क्विंटलमागे ३६९ रुपयांप्रमाणे त्याचे ११,०७० रुपये गेले. जाहीर किंमत २३६९ असली, तरी त्याच्यासाठी धानाची किंमत २००० च ठरली.

युरियाच्या पोत्याचा न्याय वेगळा

त्याच शेतकऱ्याने विकत घेतलेल्या ४५ किलो युरियाच्या पोत्यावर २६६ रुपये ५० पैसे अशी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्याहून जास्त पैसे घेणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग ठरतो आणि विक्रेत्यावर कारवाई होऊ शकते.

म्हणजे 'कमाल' किंमत ही वरची मर्यादा आणि ती मोडणे गुन्हा. 'किमान' आधारभूत किंमत ही खालची मर्यादा, पण बाजारात त्याहून कमी भावाने खरेदी केली तर तशी शिक्षा नाही. दोन्ही किमती सरकारने जाहीर केलेल्या असल्या, तरी त्यांचे वजन सारखे नाही.

बोनस म्हणजे भाव नव्हे

राज्यात २०२०-२१ मध्ये ५० क्विंटलच्या मर्यादेत क्विंटलला ७०० रुपये बोनस होता. पुढे पद्धत बदलली. २०२२-२३ साठी हेक्टरी १५ हजार आणि २०२३-२४ साठी हेक्टरी २० हजार रुपये जाहीर झाले, मर्यादा दोन हेक्टरची.

हेक्टरी रक्कम पिकावर नाही, जमिनीवर मिळते. त्यामुळे क्विंटलमागे ती प्रत्येकाला वेगळी पडते. हेक्टरी ३० क्विंटल पिकले तर २० हजारांचे क्विंटलमागे सुमारे ६६७ रुपये होतात, ४० क्विंटल पिकले तर ५०० रुपये. दुसऱ्याच्या जमिनीवर ठेक्याने धान पिकवणाऱ्याची अडचण निराळी आहे, कारण नोंदणी सातबाऱ्यावर चालते.

सीमेपलीकडचे ३१०० रुपये

देवरीहून राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेला निघाले की थोड्याच अंतरावर छत्तीसगड लागते. तिथे धानाला क्विंटलला ३१०० रुपये मिळतात, मर्यादा एकरी २१ क्विंटल. पण हीदेखील एकच किंमत नाही. २०२५-२६ मध्ये सर्वसाधारण धानासाठी २३६९ रुपये केंद्राची आधारभूत किंमत आणि ७३१ रुपये त्या राज्याची मदत, अशी ती बेरीज होती. लाभ तिथल्या नोंदणीकृत शेतकऱ्यांनाच मिळतो. बाहेरचे धान येऊ नये म्हणून हंगामात सीमेवर तपासणीही होते.

विक्रीआधी हे चार प्रश्न विचारा

- सांगितलेला दर कट्ट्याचा की क्विंटलचा?
- तो आधारभूत किमतीचा की त्या दिवसाच्या बाजारभावाचा?
- बोनस त्यात धरला आहे की वेगळा मिळणार?
- ओलावा, हमाली आणि बारदान्यापोटी किती कापले जाणार?

या चार उत्तरांनंतर जी रक्कम उरते, तीच शेतकऱ्याच्या लेखी धानाची खरी किंमत.