हिप्पी
प्रस्थापित समाजव्यवस्था, युद्ध व उपभोगवृत्ती नाकारणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांना १९६० नंतरच्या दशकात मिळालेले नाव. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील जॅझ संगीताच्या चाहत्यांस ‘हिप्स्टर’ म्हणत. त्यावरून ही संज्ञा आली. ती मुख्यतः इतरांनी, विशेषतः वृत्तपत्रांनी रूढ केली. सॅन फ्रॅन्सिस्कोतील हिप्पींनी तर ६ ऑक्टोबर १९६७ रोजी या नावाचीच प्रेतयात्रा काढली. भारतात गोव्यातील हणजूण किनारा त्यांचे प्रमुख वसतिस्थान बनला. नग्नस्नान व अंमली पदार्थ यांमुळे स्थानिकांचा रोष ओढवला. तथापि खोल्या भाड्याने देऊन काही कुटुंबांनी अर्थार्जनही केले. हिप्पींचे दारिद्र्य स्वेच्छेचे होते, ते हवे तेव्हा टाकून मायदेशी परतता येई. यजमानांस ही सोय नव्हती. तिरस्काराचे एक मूळ येथेच असावे. त्यांनी सुरू केलेला बुधवारचा बाजार मात्र पुढे पर्यटकांचे आकर्षण ठरला.