निसर्गचित्राचा सातबारा

निसर्गचित्राची स्पर्धा म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो नदीकाठी बोर्ड लावून बसलेला चित्रकार. समोरचे डोंगर, झाडे, ढग रंगवायचे आणि शेवटी एखाद्या कंपनीच्या साहेबाच्या हस्ते धनादेश घ्यायचा. यात कसले आले राजकारण, असे आपल्यातलेही शिकलेसवरलेले लोक विचारतात. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण देतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये डार्विन शहरातील संग्रहालयाने आदिवासी कलावंतांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार टिमो होगन या चित्रकाराला दिला. चित्राचे नाव ‘लेक बेकर’. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले हे खारे सरोवर म्हणजे त्याच्या वडिलांचा मुलूख. बक्षीस ५० हजार डॉलर. हा पुरस्कार १९८४ पासून दिला जातो आणि १९९२ पासून त्याची प्रायोजक आहे टेल्स्ट्रा ही तिथली बलाढ्य टेलिफोन कंपनी. पुरस्काराच्या नावातच तिचे नाव आहे.

होगन स्पिनिफेक्स समाजाचा. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी मारालिंगा येथे अणुबॉम्बच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा या समाजाला आपल्या मुलखातून हलवण्यात आले. पुढे जमिनीवर हक्क सांगायची वेळ आली. कागद कुठून आणणार? १९९७ मध्ये या लोकांनी चित्रे काढायला घेतली. कोणता पाणवठा कोणाचा, कोणाचा जन्म कुठला, पूर्वजांची वाट कुठून गेली, हे सारे कॅनव्हासवर उतरले आणि ती चित्रे हक्काच्या दाव्याचा भाग झाली. २००० साली फेडरल कोर्टाने हक्क मान्य केला. सातबारे चाळण्यात माझी निम्मी वकिली गेली, पण इतका बोलका सातबारा मी पाहिलेला नाही. बाहेरचा माणूस त्याला निसर्गचित्र म्हणतो. त्यांच्या लेखी तो मालकीचा दस्तऐवज आहे.

आता त्याच वर्षाचा मे महिना पाहा. पुरस्काराच्या तीनच महिने आधी याच टेल्स्ट्राला फेडरल कोर्टाने पाच कोटी डॉलर दंड ठोठावला. कशासाठी? २०१६ ते २०१८ या काळात कंपनीच्या नावाने चालणाऱ्या पाच दुकानांनी १०८ आदिवासी ग्राहकांच्या गळ्यात न झेपणारे मोबाइल करार मारले. अनेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, अनेकांना काम नव्हते. काहींना वस्तू फुकट आहेत असे सांगितले. पत तपासणीच्या नोंदींत फेरफार केले. सरासरी थकबाकी ७,४०० डॉलरच्या वर गेली. बिल भरले नाही तर तुरुंगात जावे लागेल, या धास्तीने एक ग्राहक खचला. दुसऱ्याने म्हातारपणासाठी साठवलेल्या निधीतून पैसे काढून बिलापोटी भरले. कंपनीने कोर्टात चूक कबूल केली, थकबाकी माफ केली. पण ती कबुली आपोआप आलेली नाही. ग्राहक संरक्षण आयोगाने खटला भरला, तेव्हा आली!

पहिल्या बक्षिसाच्या हजारपट दंड, आणि फलकावर नाव तेच. २०२२ मध्ये पहिले बक्षीस वाढून एक लाख डॉलर झाले.

होगनने ते पैसे नाकारायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. ज्यांची जमीन गेली त्यांनीच दरवेळी त्यागही करायचा, हा न्याय कुठला? आक्षेप कलावंतावर नाही, करारावर आहे. प्रायोजकत्वाच्या करारांत आपल्या नावाला बट्टा लागला तर माघार घेण्याची सोय कंपन्या करून घेतात. मग उलट कलम का नसावे? ज्या समाजाच्या नावाने पुरस्कार देता, त्याच समाजाला नाडल्याचे कोर्टात सिद्ध झाले, तर पुरस्कारावरून नाव उतरेल आणि ठरलेली रक्कम मात्र द्यावीच लागेल, असे कलम लिहायला चार ओळी पुरतात.

आपल्याकडेही हा प्रश्न दूर नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत आणि सातव्या परिशिष्टात कला व संस्कृतीही आहे. उद्या पालघरच्या वारली चित्रकारासमोर असा करार आला, तर तो मराठीत मागा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. वाचून द्यायला आमच्यासारखे वकील तालुक्याच्या कोर्टात आहेत. फी लागणार नाही.