अनुदानामागचा तिसरा माणूस

मावळ तालुक्यातील भाजे येथील लेण्यांच्या खोदकामाला इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास आरंभ झाला असे मानले जाते, आणि तेथील ब्राह्मी दानलेख वाचताना एक गोष्ट नजरेत भरते ती अशी की, दाता अख्खे लेणे दिल्याचे सांगत नाही, तर नेमके काय दिले तेवढेच सांगतो. भोगवतीच्या एका रहिवाशाने एक खोली दिली, महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने पाण्याचे टाके दिले, आणि हालिकाच्या म्हणजे नांगरकऱ्याच्या घरातील बाधा नावाच्या स्त्रीनेही आपला वाटा उचलला. अशी लहानमोठी दाने एका आराखड्यात बसवण्याचे आणि दात्याची इच्छा व पाथरवटाचे काम यांचा मेळ घालण्याचे काम कोणाला तरी करावेच लागले असणार. नव्या बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या भिक्षूसाठी बौद्ध परंपरेत 'नवकर्मिक' अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. दगडावर नाव राहते ते बहुधा दात्याचे.

आजच्या विज्ञानसंस्थांत या मधल्या माणसाला संशोधन व्यवस्थापक म्हणतात. तो प्रयोग करत नाही आणि हिशेबनीसही नसतो. पुष्कळदा तो स्वतः पीएच.डी. झालेला असतो, आणि शास्त्रज्ञ, त्याची संस्था व निधी देणारी यंत्रणा या तिघांची भाषा त्याला समजावी अशी अपेक्षा असते. त्याची गरज भासते ती स्पर्धात्मक अनुदानांमुळे. स्पर्धात्मक अनुदान म्हणजे पदामुळे किंवा संस्थेच्या नावावर आपोआप न मिळणारा, तर प्रस्ताव मागवून, त्यांची त्याच विषयातील तज्ज्ञांकडून छाननी करवून, सरस ठरलेल्या मोजक्याच प्रस्तावांना दिला जाणारा निधी होय. भारतात २००८च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ हे काम करत असे. २०२३च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचा या प्रतिष्ठानाचा संकल्प जाहीर झाला तेव्हा त्यातील छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दाते आणि इतर स्रोतांतून, यावेत असे गृहीत धरलेले होते, आणि दात्यांची संख्या जितकी वाढेल तितकी प्रत्येकाची अट, मुदत आणि नमुना सांभाळण्याचे कामही वाढते.

संशोधन व्यवस्थापक म्हणजे प्रस्तावाचे इंग्रजी सुधारणारा आणि अर्ज वेळेत 'अपलोड' करणारा माणूस, असा समज अनेक संस्थांत रूढ आहे. तो समज त्या पदाला कारकुनीत लोटतो. प्रस्ताव पडतो तो व्याकरणापायी क्वचितच. बहुतेक वेळा तो पडतो, कारण प्रश्न कोणता आणि तो आताच का सोडवायचा हे पहिल्या पानावर परीक्षकाला कळत नाही.

हे समजण्यासाठी भाज्याचेच एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. येथील चैत्यगृहाच्या छताला मूळ लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत, तर बाहेरच्या बेसाल्टवर दर पावसाळ्यात पाझर, शेवाळ आणि सूक्ष्मजीव यांचा मारा चालू असतो. एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 'पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या ऱ्हासाचा सर्वांगीण अभ्यास' असा प्रस्ताव लिहिला, तर तो वाचायला भारदस्त आणि मंजूर व्हायला अवघड ठरेल. व्यवस्थापकाला अशा वेळी परीक्षकाच्या खुर्चीत बसून विचारावे लागते: लेणी किती आणि कोणती, ऱ्हास मोजायचा तो कशाने, तीन वर्षांच्या शेवटी हातात नेमके काय असेल, आणि शेवाळ हे दगड झिजण्याचे कारण नसून नुसते लक्षण निघाले तर उरलेल्या निधीचे काय करायचे? शेवटचा प्रश्न शास्त्रज्ञाला सहसा आवडत नाही, पण परीक्षक तोच विचारतो. या उलटतपासणीतून प्रस्ताव आकसतो: एकच डोंगर, पाझराच्या दोन जागा, तुलनेसाठी एक कोरडी भिंत, आणि पडताळून पाहता येईल असे एक गृहीतक. तो आकसतो म्हणूनच पटतो.

ही तपासणी संस्थेत नीट बसवता येते. मुदतीच्या सहा-आठ आठवडे आधी मुख्य संशोधकाने फक्त एक पान लिहावे. ते त्या विषयाबाहेरच्या एका सहकाऱ्याने आणि पूर्वी परीक्षक मंडळावर बसलेल्या एका ज्येष्ठाने वाचावे. त्यानंतरच पूर्ण मसुद्याला हात घालावा. निवडीत मुलाखत असेल तर लटक्या मुलाखतीची तालीम घ्यावी, आणि तीत प्रश्न विचारणाऱ्यांनी भिडेखातर गप्प बसू नये. पूर्वी मंजूर झालेले प्रस्ताव, लिहिणाऱ्यांच्या संमतीने, नव्या प्राध्यापकांना वाचायला मिळाले तर शिकवण्याचे निम्मे काम तेथेच होते. मात्र आपला प्रस्ताव दुसऱ्याला दाखवण्याबाबत आपल्याकडची मंडळी आश्चर्य वाटावे इतकी कंजूष असतात.

विज्ञानाबाहेरची बाजू याहून रूक्ष, पण घातक. भाजे हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक असल्याने तेथील दगडाचा कण किंवा लाकडाचा तुकडा घ्यायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि ती मिळण्यास किती काळ लागेल हे वेळापत्रकात आधीच धरावे लागते. लाकडाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढायचे तर नमुना अहमदाबाद किंवा दिल्ली येथील प्रयोगशाळेकडे जाईल, म्हणून तिचे संमतिपत्र हवे आणि तिचे शुल्कही अंदाजपत्रकात हवे. परदेशी निधी असेल तर विदेशी अंशदानाचा कायदा आडवा येतो: २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणाऱ्या खासगी न्यासाला त्यातील रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही, त्यामुळे दोन न्यासांनी मिळून केलेली योजना कागदावर कितीही सुंदर असली तरी पैशाच्या वाटेवर अडू शकते. सरकारी निधीच्या बाबतीत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेली रक्कम ठरलेल्या कामावरच खर्ची पडल्याचा दाखला, हाच कळीचा कागद. प्रयोगशाळांतून त्याला नुसते 'यूसी' म्हणतात, आणि एका वर्षाची यूसी अडली की पुढच्या वर्षाचा हप्ता अडतो.

व्यवस्थापकाचे सर्वांत मोलाचे पण सर्वांत नावडते काम म्हणजे 'या वेळी अर्ज करू नका' असे सांगणे. अपुऱ्या तयारीचा प्रस्ताव शास्त्रज्ञाचे दोन महिने खातो आणि परीक्षकाच्या मनात नको ती आठवण ठेवून जातो. मात्र असा सल्ला देणाऱ्याची नेमणूकच एखाद्या प्रकल्पाच्या पैशांतून आणि वर्षभराच्या करारावर झालेली असेल, तर ज्येष्ठ प्राध्यापकाला नाही म्हणण्याचे बळ त्याच्याकडे येणार कोठून? अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५९ मध्येच स्थापन झाली. भारतात जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त 'इंडिया अलायन्स'ने २०१८ मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी उपक्रम सुरू केला तेव्हा कोठे या कामाकडे व्यवसाय म्हणून पाहिले जाऊ लागले. पद अजूनही अनेक ठिकाणी कच्चेच आहे.

लहान संस्थांची अडचण वेगळी. भाज्यापासून जवळच, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, आणि प्रयोगशाळा, प्रकाशन व आश्रयदाते अशा तिन्ही बाजू संस्थापकानेच पेलल्या. आज तसे एकहाती चालणे कठीण आहे, कारण खासगी संशोधनसंस्थेला केंद्राच्या योजनांत अर्ज करण्यापूर्वीच मान्यता आणि नोंदणीची कागदपत्रे सज्ज ठेवावी लागतात. मावळातील एखाद्या महाविद्यालयाला स्वतंत्र कार्यालय परवडणारे नसले, तरी पुण्यातील मोठ्या संस्थेच्या साहाय्याने चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक अनुभवी व्यवस्थापक ठेवणे अशक्य नाही.

उदाहरणातल्या प्रस्तावाकडे पुन्हा वळले तर त्याचे भवितव्य पुष्कळसे पावसावर ठरते. लोणावळा परिसरातील पाझर जून ते सप्टेंबरमध्येच मोजता येतो, आणि मंजुरीचे पत्र ऑगस्टमध्ये हाती पडले तर यंत्रे खरेदी होईपर्यंत तो पावसाळा निघून गेलेला असतो. म्हणून जाणता व्यवस्थापक पहिले दहा महिने नेमणुका, परवानग्या, लाकडाचे कालमापन आणि कोरड्या भिंतीवरच्या नोंदी यांसाठी राखून ठेवायला सुचवतो, आणि आर्द्रतेची नोंदयंत्रे भिंतीजवळ लागण्याची तारीख प्रस्तावात मे महिन्यातली लिहून घेतो.