कमावत्या मुलांच्या जिवाचाही हक्क आहे

बकरी ईदला आमचा पुतण्या पुण्याहून लोणंदला आला. वकिलीची सनद घेणारा आमच्या खानदानातला तो पहिलाच. पुण्यात एका कंपनीत तो करारनाम्यांचे काम पाहतो. ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, कुर्बानीचे वाटे करायला सगळे घर अंगणात जमले आणि हा आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. भाभींनी तीनदा हाक मारली. "अम्मी, दोनच मिनिटं," एवढेच उत्तर येत राहिले. रात्री छतावर बसल्यावर मात्र तो बोलला, "चाचा, चार महिने झाले, नीट झोप नाही. रविवारी असर झाली की छातीत धडधडायला लागतं. नोकरी बदलावीशी वाटते, पण तुम्ही सगळ्यांनी गावभर सांगून ठेवलंय."

शेवटचे वाक्य आम्हाला लागले, कारण ते खरे होते. कांद्याच्या बाजारात असो की मशिदीबाहेर, त्याच्या पगाराचा आकडा आम्हीच मोठ्या तोंडाने सांगितला होता. त्याला झोप लागते का, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

हे दुखणे एकट्या आमच्या घरचे नाही. लोणंद, शिरवळ, फलटणकडची कितीतरी मुले-मुली आज पुण्या-मुंबईत वकील, सीए, कंपनीतले अधिकारी आहेत. घरातला पहिलाच शिकलेला असला की शिक्षणाचे कर्ज, बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, सगळे त्याच्याच पगाराकडे डोळे लावून बसते. मग "मला झेपत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत.

हे न बोलणे किती महाग पडू शकते? २०२४ साली पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी नोकरीच्या चारच महिन्यांत वारली. कामाच्या ताणाने आपली लेक गेली, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले. कंपनीने ते कारण मान्य केले नाही, पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेबही डोळे उघडणारा आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

दीन काय शिकवतो?

हलाल कमाईला इस्लामने मोठा मान दिला आहे. जुम्याची नमाज संपल्यावर जमिनीवर पसरा आणि अल्लाहचा फजल शोधा, अशी शिकवण पवित्र कुरआनातच आहे. पण कमाईलाही हद्द आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग येतो. अबू दर्दा दिवसा रोजा ठेवत, रात्रभर नमाजीत उभे राहत. घराकडे त्यांचे लक्षच नव्हते. सलमान त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. त्यांनी अबू दर्दांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि सांगितले की रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जिवाचा आहे आणि घरच्यांचाही आहे. ही गोष्ट प्रेषित (स.) यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे सांगितले.

विचार करा, जिथे इबादतीतही शरीराचा हक्क बुडवायची परवानगी नाही, तिथे ऑफिसच्या फाइलींसाठी ती कुठून मिळणार?

थांबणे म्हणजे हरणे नव्हे

बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. १८६० मध्ये ते शिकायला इंग्लंडला गेले, पण डोळे बिघडल्यामुळे १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आज एखादा मुलगा तब्येतीसाठी सहा महिने घरी आला, तर आपण "नोकरी गेली वाटतं" म्हणून कुजबुजतो. तय्यबजींच्या घरच्यांनी असेच केले असते तर?

वकिलीत नव्याने उतरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. सिनियरकडे दिवसभर राबूनही हाती फारसे काही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही; तरी बोलणी करताना ती पुढे ठेवता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि सातारा, सांगली जिल्हे त्यात येतात. म्हणजे उच्च न्यायालयात उभे राहायला मुंबईतच खोली घ्यावी लागेल, असे आता राहिले नाही.

घराने काय करावे?

मुलगा किंवा मुलगी फोनवर आली की पगार आणि बढतीच्या आधी झोप व जेवण विचारा. सतत थकवा, कामाची चीड, आपल्याकडून काहीच नीट होत नाही ही भावना, ही तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची म्हणून सांगितली आहेत. ती दिसली तर "आमच्या वेळी आम्ही किती सोसलं" हे पुराण लावू नका. केवळ "नमाज पढ, बरं वाटेल" म्हणून सोडूनही देऊ नका. नमाज आधार आहेच, पण उंट बांधून मग तवक्कुल करा, ही शिकवणही आपलीच. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

घरचा खर्च मुलांच्या पूर्ण पगारावर बेतू नका. काही महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर वाईट नोकरी सोडायची हिंमत राहते. मुलांनीही हुद्द्याला भुलू नये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे, जास्त कामाला दुप्पट वेतन आहे; पण व्यवस्थापकीय पदे त्यातून वगळली आहेत. "मॅनेजर" झाल्याचे पेढे वाटण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचा.

आमच्या पुतण्याने अजून नोकरी बदललेली नाही. पण तो डॉक्टरांना भेटला आणि इशानंतर ऑफिसचा फोन बंद ठेवू लागला. भाभींनी त्याला सांगितले, "बेटा, नाही जमलं तर घरी ये. लोणंदची गाडी रोज आहे." त्या रात्री तो पोटभर झोपला, असे त्यानेच कळवले.

अल्लाह आपल्या मुलांच्या कमाईत बरकत देवो, आणि त्यांच्या जिवाचा हक्क ओळखण्याची समज आपल्याला देवो. आमीन.