मोटारसायकलच्या शर्यतीचा पेशा

मोटारसायकलचा आवाज कानीं पडतांच वर्गांतील निम्मीं मुलें खिडकीकडे पाहूं लागतात, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. शर्यतीचा स्वार व्हावें अशी इच्छा त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत असते. आणि ती कानावर आली म्हणजे पालकांच्या छातींत धडकी भरते. ह्या पेशाची खरी माहिती मात्र बहुधा दोघांसही नसते. मुलांची समजूत अशी कीं, जो सर्वांत वेगवान तोच सर्वांत श्रेष्ठ. ही समजूत कितपत खरी आहे, हें एका स्वाराच्या चरित्रावरून पाहूं. तो परदेशचा असला, तरी त्याची उमेदवारी आपल्या परिचयाच्या एका कंपनीच्या गाडीवर झाली, म्हणून त्याची निवड केली आहे.

मोटारसायकलच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा 1949 सालीं सुरू झाली. हल्लीं तिच्यांत तीन इयत्ता आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं. पहिली मोटो-थ्री, म्हणजे 250 घन सेंटिमीटरच्या हलक्या गाड्यांची, दुसरी मोटो-टू, आणि शेवटची मोटोजीपी. खालच्या इयत्तेंत चमकल्यावांचून वरच्या इयत्तेंत सहसा कोणी घेत नाहीं. स्वार हा पथकाचा करारानें बांधलेला नोकर असतो; काम मनासारखें न झालें, तर मुदत संपतांच ती जागा दुसऱ्यास मिळते. रविवारच्या मुख्य शर्यतींत पहिल्यास 25, दुसऱ्यास 20, तिसऱ्यास 16, असे उतरत्या क्रमानें पंधराव्यापर्यंत गुण मिळतात. जो पडून बाहेर गेला त्यास कांहींच नाहीं. मोटोजीपींत 2023 पासून शनिवारीं निम्म्या अंतराची आणखी एक शर्यत होते. तींत पहिल्यास 12 गुण असतात. वर्षाअखेर ज्याची बेरीज मोठी, तो जगज्जेता.

मुंबईची महिंद्रा कंपनी, जिचा मोटारींचा कारखाना आपल्या नाशकांत सातपूर येथें आहे, तिनें 2011 सालीं ह्या स्पर्धेच्या सर्वांत लहान वर्गांत आपल्या नांवाची मोटारसायकल उतरविली. गाडी घडविण्याचें काम युरोपांत चाले; नांव मात्र भारतीय होतें. पुढें 2015 सालीं स्पेनच्या अस्पार पथकानें ह्या गाड्यांवर जे तरुण बसविले, त्यांत इटलीचा फ्रांचेस्को बान्याया व स्पेनचा होर्हे मार्टिन हे दोघे होते. हीं दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं.

बान्यायाचा जन्म तुरीन येथें 1997 सालीं झाला. जागतिक स्पर्धेंतील त्याचें पहिलें वर्ष, 2013, अगदीं कोरें गेलें. वर्षभरांत एकही गुण नाहीं. महिंद्रावर बसल्यावर 2015 सालीं फ्रान्समध्यें तो तिसरा आला, आणि 26 जून 2016 रोजीं हॉलंडमधील आसेन येथें पहिला. महिंद्राचाही ह्या स्पर्धेंतील तो पहिलाच विजय. कंपनीनें 2017 च्या अखेरीस स्पर्धेंतून अंग काढून घेतलें; बान्याया मात्र एकेक पायरी चढत राहिला. 2018 सालीं तो मोटो-टूचा जगज्जेता झाला व 2019 सालीं डुकाटी गाडीवर मोटोजीपींत आला. परंतु तेथील पहिल्या विजयासाठीं त्यास 2021 पर्यंत वाट पाहावी लागली.

आतां स्वाराचें खरें काम कोणतें, तें पाहूं. सरळ मार्गावर मोटोजीपीची गाडी ताशीं 350 किलोमीटरांहून अधिक वेग घेते. पण तेथें इंजिनाचें काम अधिक, स्वाराचें थोडें. त्याचें कसब लागतें तें वळणावर. वळतांना गाडी ओळंब्याच्या रेषेपासून सुमारें 60 अंश कलते, स्वाराचा गुडघा जमिनीस घांसतो, आणि टायरचा लहानसा भाग तेवढा जमिनीस टेकलेला असतो. टायरची पकड ही घरांतल्या एकुलत्या एक भाकरीसारखी आहे. ब्रेकनें अर्धी खाल्ली, तर वळणास अर्धीच उरते. दोघांनींही पुरी मागितली, कीं गाडी घसरलीच. म्हणून चांगला स्वार गाडी जसजशी कलवितो, तसतसा ब्रेक सोडीत जातो. अंग वळणाच्या आंतल्या बाजूस झोंकण्याचें कारणही हेंच; भार आंत गेला म्हणजे तेवढ्याच वेगास गाडी थोडी कमी कलवावी लागते. हा हिशेब एका शर्यतींत शेंकडों वेळां करावा लागतो, आणि एकदां चुकला तरी पुरे होतें.

2022 च्या जून महिन्यांत बान्याया अग्रस्थानच्या स्वारापेक्षां 91 गुणांनीं मागें होता. त्यानंतर त्यानें ओळीनें चार शर्यती जिंकल्या, आणि 6 नोव्हेंबर रोजीं तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. 2023 सालीं बार्सिलोना येथें तो पडला व मागून येणारी गाडी त्याच्या पायावरून गेली; तरी पुढच्याच आठवड्यांत त्यानें तिसरा क्रमांक मिळविला. त्याच महिन्यांत दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथें भारतांतील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. तींत दुसऱ्या स्थानावर असतां तो घसरून बाद झाला. वर्षाअखेर जगज्जेतेपद मात्र त्याच्याकडेच राहिलें.

आतां 2024 सालचा हिशेब पाहा. रविवारच्या 20 शर्यतींपैकीं बान्यायानें 11 जिंकल्या. त्याचा जुना सोबती मार्टिन यानें अवघ्या 3. तरीही जगज्जेता ठरला मार्टिन! त्याचे गुण 508, बान्यायाचे 498. मार्टिन पुष्कळदां दुसरा-तिसरा आला, पण गुण गांठीं बांधीत गेला. बान्याया अनेक वेळां रिकाम्या हातांनीं परतला. 25 मे रोजीं बार्सिलोनाच्या शनिवारच्या शर्यतींत तो शेवटच्या फेरींत सर्वांच्या पुढें असतां पडला. हातचे 12 गुण गेले, आणि वर्षाअखेर कमी पडले ते 10.

एवढें कसब ज्याच्या अंगीं, तो सार्वजनिक रस्त्यावर तरी निर्भय असतो काय? जुलै 2022 मध्यें इबिझा बेटावर मद्य घेऊन मोटार हांकतांना बान्यायाची गाडी खड्ड्यांत गेली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं, व त्यानें जाहीर माफी मागितली. शर्यतीच्या मार्गावर समोरून वाहन येत नाहीं, कडेला मोकळी जागा असते, डॉक्टर सज्ज असतात, स्वाराच्या पोशाखांत हवेची पिशवी असते. इतकें असूनही ऑगस्ट 2023 मध्यें चेन्नईजवळील शर्यतींत 13 वर्षांचा एक होतकरू स्वार प्राणांस मुकला. आपल्या रस्त्यांवर तर ह्यांपैकीं कसलेंच संरक्षण नाहीं. उलट समोरून येणारा बिचारा दुसराच कोणी असतो.

ज्यास खरोखर ही वाट धरावयाची असेल, त्याच्यासाठीं चेन्नई व कोइमतूर येथें बंदिस्त मार्ग आहेत, आणि रीतसर परवान्याची पद्धतही आहे. पालकांनीं मुलास एकदम नकार देण्यापूर्वीं ह्या लेखांतील 508 मधून 498 वजा करावयास सांगावें, आणि ते 10 गुण कोठें गेले, हें त्यालाच शोधूं द्यावें.